ह्या लग्नात रुसायचं नाही

ह्या लग्नात रुसायचं नाही, असं फकिराजी डाखोरे यांनी दाढी करता करता ठरवलं आणि त्या धक्क्यानं स्वतःचाच गाल कापून घेतला.

बाहेरच्याला यात काही विशेष वाटणार नाही. लग्नाला जायचं, जेवायचं, आहेर करायचा, परत यायचं. त्यात रुसायचं कशाला? पण हे फकिराजींच्या सासुरवाडीत जाऊन म्हणून दाखवा. फकिराजी त्या घरचे मोठे जावई, आणि त्यांचं रुसणं हा तिथल्या प्रत्येक कार्याचा एक विधीच होऊन बसला होता. मेव्हण्याच्या, म्हणजे गोपालच्या, लग्नात फोटोत अर्धा कान कापला गेला म्हणून ते रुसले. गोपालच्या वास्तूला पानातला पापड तुटका निघाला म्हणून ते रुसले आणि भर उन्हात पायीच पांढरकवड्याकडे चालू लागले. (अनवाणी. चपला घालायला परत गेले असते तर रुसव्याची धार गेली असती.) गोपालच्या थोरल्या मुलीच्या, सुरभीच्या, लग्नात ते कशावरून रुसले हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. खरं म्हणजे दुपारनंतर त्यांनाही आठवत नव्हतं. पण एकदा सुरू केल्यावर मधेच सोडून देणं बरं दिसलं नसतं.

माणूस तसा वाईट नव्हता. पांढरकवड्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. खिडकीत बसून माईकवरून "प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हणायला लागला की पिशवीत तोंड घालून झोपलेला माणूसही उठून बसायचा. तिथं ड्रायव्हर भांडत, प्रवासी अंगावर येत, एखादी म्हातारी घाटंजीची गाडी गेली म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. फकिराजींच्या कपाळावर आठी नसे. पण सासुरवाडीच्या उंबऱ्यात पाऊल पडलं की त्यांच्या मनाची साल निघायची. नुसता वारा लागला तरी झोंबायचं.

निश्चयाचं कारण होतं विमल, त्यांची बायको. गोपालच्या धाकट्या मुलीचं, समीक्षाचं, लग्न ठरलं, त्या दिवशी ती साडीला इस्त्री करता करता म्हणाली, "एक सांगू का? पन रागावू नोका."

"मी कायले रागावतो?" फकिराजी रागानं म्हणाले.

"माह्या माहेरात इतके लग्नं झाले. मी एकाही लग्नात गरम जेवली नाही. ताट हातात घेतलं का कोनी ना कोनी येतेच. ताई, चाला, भाऊजी रुसले. मंग मी तुमच्या मांगं. वापस येतो तवा वरन थंडं, पोळी वातड, अन् बाया हात धुवून राह्यल्या."

हे ती रडून बोलली नाही, भांडून बोलली नाही. चौकशीच्या खिडकीवर गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं आणि पदराची घडी उलटली. फकिराजींना ते फार लागलं. एवढा का मी वाईट, जन्मभर राबलो त्याचं हे फळ का, असं मनात घोळवत ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की आपण रुसतो असं कोणी म्हटलं म्हणून आपण रुसलो आहोत. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सकाळी दाढी करताना निश्चय झाला, गाल कापला, तो असा.

निश्चय झाला, तो पाळायचा कसा? मागं डेपोत कोणी एक सर व्याख्यान द्यायला आले होते, विषय होता 'आपणच आपले नेते'. फकिराजी गेले होते समोशासाठी, पण समोसे शेवटी होते, त्यामुळे व्याख्यान ऐकावंच लागलं. सरांनी सांगितलं होतं, की मन उसळलं की आधी थांबा, पाणी प्या. मग जे घडलं ते तिखटमीठ न लावता स्वतःला सांगा. आणि मग हाताशी असेल त्या कामाला लागा. रोज करा, आपोआप सवय होते.

फकिराजींनी घरीच सराव मांडला. तिखटमीठ न लावता सांगायचं म्हणजे कसं, हे त्यांना आधी जमेना. मग युक्ती सुचली. ते मनातल्या मनात माईक हातात घेऊ लागले. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे. फकिरा डाखोरे यांच्या चहात साखर कमी आहे.' संपलं. यात अपमान, आयुष्याची माती, कोणी आपलं नाही, असलं काही बसतच नव्हतं. बसस्थानकाच्या माईकवर तसं सांगायची पद्धतच नाही. मग पाणी प्यायचं आणि कामाला लागायचं. या सरावात त्यांनी कूलरची टाकी घासली, पंखे पुसले, सायकलला तेल दिलं. विमलनं तर नंतर भाजीत मुद्दाम मीठ कमी टाकायला सुरुवात केली, कारण माळा साफ व्हायचा राहिला होता.

लग्न घाटंजीच्या एका मंगल कार्यालयात होतं. ऊन असं, की मांडवाच्या लोखंडी खांबाला हात लावावा तर भाजावं. फकिराजी उतरले तोच मंडपवाला इकबालभाई धावत आला. गोपालचा जुना दोस्त. घरच्या प्रत्येक कार्याचा मंडप त्याचाच.

"आओ भाऊजी, आओ! तुमची खोली रेडी हाय. कूलर लावला, खाट टाकली. तिकडून मांडवाचा आवाज बी येत नाही. आरामात रुसा."

"इकबालभाई, ह्या टायमाले मी रुसून नाही राह्यलो."

इकबालभाई हसला. मग फकिराजींचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. "काहून? काय झालं?"

'प्रवाशांनी लक्ष द्यावे. जावयासाठी खोली तयार आहे,' फकिराजींनी मनात जाहीर केलं, दारातल्या माठातलं पाणी प्यायले आणि एक सतरंजी उचलून टाकू लागले. इकबालभाई थेट गोपालकडे गेला.

तिथून चक्र सुरू झालं. चहा सगळ्यांना आला, फकिराजींना आला नाही. (आचाऱ्याचा माणूस त्यांना सतरंजी टाकताना पाहून आपल्यातलाच समजला होता.) ते पाणी प्यायले आणि त्यांनी खुर्च्या लावल्या. नवरदेवाच्या बाजूच्या कोणी काकानं "ए भाऊ, इकडं मठ्ठा आन," असं फर्मावलं. ते पाणी प्यायले आणि मठ्ठा घेऊन आले. काकांनी "थंडा नाही हा," म्हणून गिलास परत केला; ते पाणी प्यायले, त्यांनी बर्फ फोडला आणि थंड मठ्ठा आणला. पोटात नुसता पाण्याचा गुडगुडाट चालू होता, आणि पाय तर एका जागी ठरत नव्हते, कारण उभं राहिलं की मन चावायचं.

सगळ्यात कठीण घाव माईकचा होता. त्या घरच्या लग्नात माईक फकिराजींकडे असायचा. निदान रुसेपर्यंत तरी असायचा. आज तो अंकुरच्या हातात होता. अंकुर म्हणजे सुरभीचा नवरा, घरातला नवा जावई, केसांना जेल, अंगात जाकीट, आणि तोंडानं माईकमध्ये नुसतं "हॅलो, हॅलो, चेक." फकिराजींच्या छातीत कळ आली. माणसाची एक जागा असते जगात, तीही गेली! डोळे भरून यायला लागले. त्यांनी घोषणा करून पाहिली: 'माईक अंकुरकडे आहे.' पुन्हा केली. पुन्हा. आणि शेवटी माठ रिकामा केला.

इकडे घरातल्यांचं धाबं दणाणलं होतं.

सासूबाई, गयाबाई, काठी टेकत आल्या आणि जावयाच्या कपाळाला हात लावून बघू लागल्या. "जावईबापू, बरं नाही का तुमाले?"

"बरं हाय ना आई."

"मंग असे काहून करून राह्यले? सकाळपासून काहीच बोलले नाही कोनाले." म्हातारीचे डोळे पाणावले. "तुमचा सासरा बी जायाच्या आधी असाच शांत झाला होता."

पाठोपाठ गोपाल आला. मुलीचा बाप, आधीच अर्धा झालेला. त्यानं फकिराजींना वाफाळत्या कढयांच्या मागं बाजूला घेतलं आणि हात जोडले.

"भाऊजी, तुमी मोठे. एक विनंती करतो. रुसाचं असन तर जेवनाच्या आधी रुसून घ्या."

"अरे गोपाल, मी..."

"आयका तर. आत्ता मानसं मोकळे हाय. तिघं-चौघं जनं मी तुमच्यासाठीच राखून ठेवले. एकदा पंगत बसली का मंग माह्यापाशी कोनी नाही. अन् तुमी बिदाईच्या टायमाले काढलं तर मी मरून जाईन, खरंच सांगतो."

या वाक्यावर फकिराजी रुसण्याच्या इतके जवळ आले, की उजवा पाय फाटकाच्या दिशेनं उचललाही गेला. माठ तर रिकामाच होता. हाताशी काम म्हणून काय, तर समोर कांद्यांचं पोतं. ते मटकन खाली बसले आणि कांदे चिरू लागले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. गोपालनं ते पाहिलं आणि तो तसाच मागं पळाला. "रडून राह्यले!" त्यानं जाऊन इकबालभाईला सांगितलं. "लगनात रुसत होते तेच बरं होतं रे बापा!"

लग्न लागलं. अक्षता पडल्या. पंगती बसल्या. आणि वाढायला फिरताना फकिराजींना विमल दिसली.

ती आपल्या चुलत बहिणींच्या मधे मांडी घालून बसली होती. ताटात वरणाची वाफ निघत होती. ती काहीतरी सांगत होती, बायका हसत होत्या, आणि मधेच तिनं दाराकडे बघितलं. मग पुन्हा घास घेतला, पुन्हा दाराकडे बघितलं. कोणी बोलवायला येईल या सवयीनं तिची मान आपोआप वळत होती. फकिराजी खांबाआड उभे राहून बघत राहिले. वाढायचा डाव त्यांच्या हातात तसाच राहिला. ही बाई इतकी वर्षं अशीच जेवत आली, हे त्यांना आज दिसलं. आजवर त्या वेळी ते कुठंतरी झाडाखाली स्वतःची कीव करत बसलेले असत.

आणि नेमका तेव्हाच मानपान सुरू झाला.

अंकुर माईकवरून एकेकाला बोलावत होता. गोपाल शेला-नारळ देत होता. "आता आपल्या घरचे मोठे जावई," अंकुर ओरडला, "ज्यांना आपण सगळे ओळखतो, असे श्री. भिकाजी डाखोरे!"

मांडव गार झाला. आचाऱ्यांचे झारे थांबले. गोपालच्या हातातला नारळ सुटून घरंगळत गेला. फकिराचा भिकाजी! इतकं भयंकर त्या घराण्याच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. तुटक्या पापडावर जो माणूस अनवाणी गेला, तो यावर हिमालयातच जाणार. इकबालभाईनं हळूच जाऊन फाटक लावून घेतलं.

आणि विमलनं ताट खाली ठेवलं. पदर खोचला, जमिनीला हात टेकला आणि उठू लागली.

फकिराजींच्या कानात वाफ भरली होती. पाणी नव्हतं, माठ नव्हता, माईक मनातही सापडत नव्हता. फक्त बायकोचा तो टेकलेला हात दिसत होता. ते झपाझप चालत पुढं गेले आणि त्यांनी गोपालपुढं मान वाकवली.

"टाक लवकर शेला, वाढाचं राह्यलं माह्यं," ते म्हणाले. मग अंकुरकडे वळून म्हणाले, "जावईबापू, माईक थोडा दूर धरा. आवाज फाटून राह्यला. बाकी चांगलं चालू हाय."

विमल अर्धवट उठलेली तशीच थांबली. मग खाली बसली. ताट ओढलं. "अवं, भात वाढ ना गरम," असं ती वाढणारीला म्हणाली, आणि तिनं पुन्हा दाराकडे पाहिलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर फकिराजींच्या नावानं चौकात फलक लागला असता. पण मृत्यूच्या दाढेतून सुटलेला गोपाल सगळी भीती काढायला अंकुरवर धावला. "भिकाजी? भिकाजी म्हंते का कोनी? अक्कल हाय का? आज सारं घर खाली बसलं असतं!" चारचौघांत, आणि माईक चालू असताना. अंकुरचं तोंड लाल झालं. त्यानं माईक खुर्चीवर ठेवला, जाकीट काढलं आणि चालत जाऊन कूलरच्या खोलीची कडी आतून लावून घेतली.

"रुसला," इकबालभाई म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं. खोली वाया गेली नव्हती.

राखून ठेवलेले तिघं-चौघं जाऊन आले. अंकुर दार उघडेना. सुरभी रडायला लागली. बिदाई तोंडावर आली होती. शेवटी सगळे फकिराजींकडे पाहू लागले. या विषयात त्यांच्याइतका अनुभव जिल्ह्यात कोणाला होता?

फकिराजींनी दारावर टकटक केली. "जावईबापू, मी हाय. भिकाजी."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. अंकुर खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. फकिराजींना तो चेहरा न बघताही ओळखीचा वाटला. ते शेजारी बसले.

"मामाजी, तुम्ही सांगा," अंकुर भिंतीलाच म्हणाला. "सकाळपासून मी उभा आहे. कोणी विचारलं मला, जेवला का म्हणून? सगळ्यांचं आपलं एकच. फकिराजी कुठं, फकिराजी कसे, फकिराजी रुसले का नाही. तुम्ही न रुसता एवढे मोठे झाले, आणि मी माईकवर घसा फोडला तर शिव्या! मीपण जावई आहे ना?"

फकिराजींना यावर सरांचं व्याख्यान द्यायचं होतं. पण त्यांना आठवलं, की रुसलेल्या माणसाला व्याख्यान दिलं की तो बस धरायला निघतो. म्हणून ते एवढंच म्हणाले, "जेवला नाही ना? मी बी नाही. अन् सांगू का, इथून कोनी हात धरून नेलं तरी मनात खुटखुट राह्यते. आपन आपल्या पायानं गेलो तर काहीच राह्यत नाही. मले हे आत्ता, ह्या वयात समजलं. तू लवकर समजून घे. सुरभी दारात रडून राह्यली."

अंकुर उठून बसला. त्यानं तोंड धुतलं, केसांवरून हात फिरवला आणि आपल्या पायानं बाहेर गेला. बाहेर एकच जल्लोष झाला. फकिराजी खोलीतच थांबले. कूलरची हवा गार होती, सकाळपासून पाठ टेकली नव्हती, आणि आज जे काही केलं त्याचा एक गोड शीण अंगात उतरत होता. क्षणभर पडू, असं म्हणून ते खाटेवर लवंडले.

जाग आली ती कूलर बंद झाल्यामुळे. इकबालभाई वायर गुंडाळत होता.

"अरे! भाऊजी? तुमी इथं?"

बाहेर मांडव उघडा पडला होता. ऊन कलत आलं होतं. नवरी गेली होती, वऱ्हाड गेलं होतं, आणि गोपालच्या गावी जाणाऱ्या सगळ्या गाड्याही गेल्या होत्या. पहिल्या गाडीतल्यांना वाटलं, फकिराजी दुसरीत आहेत; दुसरीतल्यांना वाटलं, पहिलीत. दरवेळी त्यांना शोधूनच गाड्या सुटायच्या. यावेळी ते रुसले नव्हते, म्हणून कोणी शोधलंच नव्हतं.

फकिराजींचा फोन विमलच्या पर्समध्ये होता. त्यांनी इकबालभाईचा फोन घेऊन तिला लावला.

"अवो, आमी घरी पोचलो, कुठं हाय तुमी?" विमलचा आवाज आला.

"हॉलवर."

 मग अगदी हळू आवाज: "काय झालं? कोनी काय म्हनलं?"

"कोनी काही नाही म्हनलं. मी झोपलो होतो. मी रुसलो नाही."

"काय म्हंतेत?" मागून गोपालचा आवाज.

"रुसलो नाही म्हंतेत."

"म्हनजे रुसले!" गोपाल ओरडला. "दरवेळी असेच म्हंतेत! गाडी फिरवा!"

"अरे मी रुसलो नाही!" फकिराजी जिवाच्या आकांतानं ओरडले, आणि ओरडता ओरडताच त्यांना कळलं, की हे वाक्य खरं वाटेल असं म्हणता येतच नाही.

मागून म्हातारीचा आवाज आला, खणखणीत, दिवसभरात पहिल्यांदाच मोकळा. "रुसले ना जावई? पावला रे देवा! मले वाटलं मानूस हातचा चालला. चहा मांडा गं कोनीतरी."

विमल फोन घेऊन बाजूला गेली असावी, कारण गलका लांब झाला. ती हसत होती. "खरंच विसरलो जी आमी तुमाले?"

"हो."

"मी आज दोनदा भात घेतला," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता एक करा. गाडी येऊन राह्यली, तर थोडेसे रुसून बसा. आईच्या जीवाले लय बरं वाटून राह्यलं."

फकिराजींनी खुर्ची घेतली. फाटकाकडे पाठ केली, हनुवटी छातीवर टेकवली, खालचा ओठ पुढं काढला. काही केल्या आत काहीच उसळेना. त्यांनी तुटका पापड आठवला, कापलेला कान आठवला, भिकाजी आठवला. भिकाजीवर तर उलट हसूच यायला लागलं. ते दाबायला त्यांनी गाल आत ओढले, डोळे गच्च मिटले आणि तसेच बसून राहिले.

गाडी आली. गोपाल धावत उतरला, समोर येऊन उभा राहिला, त्यानं वाकून फकिराजींच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि काळजीनं मागं वळून ओरडला, "रुसले नाही वो ताई! दाढ दुखून राह्यली भाऊजींची!"